बक्कल

“यमुनाबाई,” श्रीधर हिंमतरावांच्या डाव्या कानाशी पुटपुटला आणि पुटपुटताक्षणीच त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय चुकलं ते कळायच्या आत हिंमतरावांनी दुसऱ्या चपलेचं बक्कल सोडवलं होतं आणि हात जोडून ते उंबरठ्याच्या आत गेलेही होते. तांबट आळीतलं घर. खाली तांब्याची भांडी घडवायचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. परवा वैजनाथ गेला म्हणून आळीतली ठोकठोक बंद होती आणि त्या शांततेची सवय नसल्यामुळे खोलीतली माणसं उगीचच मोठ्याने बोलत होती. हिंमतराव आले तशी गप्प झाली. भिंतीला टेकून वैजनाथची बायको बसली होती. हिंमतराव सतरंजीवर तिच्यासमोर बसले, तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, “यमुनावहिनी, वैजनाथ असा न सांगता जाईल असं वाटलं नव्हतं हो.” एक बाई पदर सावरता सावरता थांबली. मग ती म्हातारी, न रागावता, पत्ता विचारणाऱ्याला तुम्ही एक गल्ली पुढे आलात असं सांगावं तसं म्हणाली, “यमुनाबाईंना जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी वत्सला.”

श्रीधर दाराशीच उभा होता. त्याला एकदम सगळं आठवलं, आणि ते आठवणंच भयंकर होतं. यमुनाबाई दम्याने गेली त्या दिवशी तो याच दारात उभा होता. दोन वर्षांनी वैजनाथने तिच्या मामेबहिणीशी, वत्सलेशी लग्न केलं; त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, श्रीधरने स्वतः तिच्या नावाची पत्रं या घरात आणून दिली होती. नाव डोक्यात होतं. ते कुठेही गेलेलं नव्हतं. फक्त जेव्हा हवं होतं तेव्हा त्याच्या जागी दुसरंच येऊन बसलं होतं. हिंमतरावांचा हात मात्र हललासुद्धा नाही. “ते मला माहीत नाही का, वहिनी,” ते म्हणाले. “त्या वेळीही मी इथेच बसलो होतो, याच भिंतीपाशी. आज जिना चढताना तीच डोळ्यांसमोर आली. वैजनाथला अर्ध्या वाटेपर्यंत तिने सोबत केली, पुढे तुम्ही. तिचं नाव घेतल्याशिवाय तुमच्याशी काय बोलू?” वत्सलाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या रडायला लागल्या. शेजारची बाई हळूच म्हणाली की गेल्यापासून आत्ता रडल्या, बरं झालं, मोकळ्या झाल्या. खालच्या तुंबलेल्या गटाराचा वास जिन्यावरून वर येत होता. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

गाडीत बसल्यावर हिंमतराव रागावतील असं श्रीधरला वाटलं, आणि ते रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. ते खिडकीबाहेर बघत होते. ड्रायव्हरला म्हणाले, एसी कमी कर. शनिवारवाड्यापाशी गाडी अडकली तेव्हा त्यांनी कोणालातरी फोन करून मंडपाचं विचारलं. श्रीधरच्या कोपऱ्यावर गाडी थांबली, तो उतरला, आणि ते म्हणाले, “बरं, श्रीधरराव.” एवढंच. एकोणतीस वर्षांत त्याला उतरवताना त्यांनी दुसरं एक वाक्य कधी चुकवलं नव्हतं. “उद्या किती?” उद्या किती घरं, असा त्याचा अर्थ. श्रीधर सांगायचा, चार. किंवा सांगायचा, दोन आणि एक मुंज. मग गाडी हलायची. आज ती तशीच हलली आणि श्रीधर तोंडात आलेलं “तीन” तसंच धरून फुटपाथवर उभा राहिला.

बक्कल ही हिंमतरावांची स्वतःची युक्ती होती, आणि ती फक्त दोघांनाच माहीत होती. लोकांना वाटे, एवढा मोठा माणूस, मागेपुढे पोरं असताना दारात स्वतः वाकून चपला काढतो, याला म्हणतात संस्कार. चपलेला बक्कल मुद्दाम होतं. दोन बक्कलं सोडवायला दहा-बारा सेकंद लागतात. तेवढ्यात श्रीधरही शेजारी वाकायचा, आपल्या साध्या चपला उगीचच नीट जोडून ठेवायचा आणि सांगायचा: नाव, नातं आणि एक गोष्ट. एकच. दोन सांगितल्या तर हिंमतराव उत्साहाने दोन्ही वापरत, आणि मग ते पाठ केल्यासारखं वाटे. ‘अपूर्वा, धाकटी सून, बारावीला बोर्डात आली होती.’ ‘बद्रीनाथ, मोठा भाऊ, डाव्या डोळ्याला दिसत नाही.’ आत गेल्यावर हिंमतराव बद्रीनाथच्या उजव्या बाजूला बसत. बद्रीनाथ मरेपर्यंत लोकांना सांगत होता की सख्ख्या मुलाला जे कळत नाही ते या माणसाला कळतं.

पालिकेची पहिली निवडणूक हिंमतराव दोनशे बारा मतांनी हरले होते. तेव्हा ते तरुण होते आणि त्यांनी दोन गल्ल्या काँक्रीटच्या करून घेतल्या होत्या. हरल्यावर एक दिवस ते कसबा पेठेतल्या एका ओट्यावर बसले होते, एकटेच, आणि श्रीधर आपल्या बीटवर पत्रं वाटत चालला होता. त्यांनी पाहिलं की हा पोस्टमन दारातून नुसतं पत्र टाकत नाही, हाक मारतो. हाक मारली की आतून माणूस हसत बाहेर येतो. ते उठून त्याच्याबरोबर चालू लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “श्रीधरराव, रस्ता केला की लोक म्हणतात पालिकेने केला. नाव घेतलं की म्हणतात हिंमतरावांनी घेतलं.” सरकारी नोकराला राजकारण वर्ज्य, श्रीधर तेव्हा म्हणाला होता, मी काही प्रचार करणार नाही. “कोण म्हणतं प्रचार करा? माझ्याबरोबर चाला फक्त.” तो चालला. पत्र पोचवणं आणि नाव पोचवणं यात त्याला तेव्हा फरक दिसला नव्हता. खरं सांगायचं तर अभिमान वाटला होता. पोस्टात साहेब त्याला त्याच्या बीटच्या आकड्याने हाक मारत, आणि इथे एक माणूस त्याच्या तोंडाकडे कान करून थांबत होता. पुढच्या निवडणुकीत हिंमतराव निवडून आले आणि मग येतच राहिले. अलीकडे तर चार वर्षं निवडणूकच झाली नव्हती, पालिकेत प्रशासक बसला होता, हिंमतराव कायद्याने कोणीही नव्हते. तरी त्यांच्या भेटी एक दिवस थांबल्या नाहीत आणि लोक त्यांना नगरसेवकच म्हणत राहिले.

घरी बायकोने, कुसुमने विचारलं, “चेहरा का असा?” तो म्हणाला, ऊन लागलं. डिसेंबर होता. मार्चमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. अजून जिना उतरताना ती कठड्याला धरायची. ऑपरेशनचं श्रीधरने गाडीत सांगितलं तेव्हा हिंमतराव म्हणाले होते, “अरे, काळजी घ्या,” आणि पुढच्या दारात बक्कल सोडवायला वाकले होते. पहिले पंधरा दिवस कुसुम हॉलमधल्या दिवाणावर चांगली चादर घालून त्यांची वाट बघत बसायची. मग तिने चादर काढली. “सगळ्या पेठेच्या दारात जातात,” ती एकदा कणिक मळताना म्हणाली, “आपल्या दाराला काय कुलूप दिसतं का?” त्यावर श्रीधर काहीतरी बोलला होता, की आपण घरचेच, घरच्यांकडे कोणी भेटीला जातं का. ते त्याला तेव्हा पटलं होतं. आता जेवताना ते वाक्य आठवलं आणि तो हातातला घास ठेवून पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही. तिसऱ्या दिवशी त्याने फोन केला तो कोणीतरी भलत्यानेच उचलला आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणाला. शहराबाहेरच्या मांजरीहून मुलाचा, सलिलचा फोन आला. त्याच्या सोसायटीत एक दोन खोल्यांचा फ्लॅट रिकामा होत होता. “बाबा, आता बास झालं ते साहेब-साहेब. आईला लिफ्ट आहे, खाली गार्डन आहे. इथं या.” श्रीधर बघू म्हणाला. मांजरीला तो चारदा राहून आला होता. तिथे सकाळी फिरायला गेलं की समोरून येणारी माणसं कानात वायरी घालून, कोणाचंही नाव नसल्यासारखी जात. तिथे मला कोण ओळखतं यापेक्षा, तिथे मी कोणाला ओळखतो, याची त्याला भीती वाटे. एकोणतीस वर्षं ज्याच्या डोक्यात सातशे घरं होती त्याने त्या बागेत बसून डोक्याचं काय करायचं. आणि आता त्याखालून दुसरीच भीती वर यायला लागली होती. घरं डोक्यात राहिली आहेत का? वडील शेवटच्या वर्षी त्याला दूधवाल्याच्या नावाने हाक मारत. पहिल्यांदा मारली तेव्हा सगळे हसले होते, वडीलही हसले होते. सुरुवात अशी हसण्यावारीच झाली होती.

म्हणून तो पहाटे उठून स्वतःची परीक्षा घ्यायला लागला. जुन्या बीटवरून, पत्रं वाटायच्या क्रमाने, ओठ न हलवता चालायचं. पाय ठरलेल्या दारापाशी गेले की नाव आपोआप यायचं. सासू, सून, कोण अमेरिकेत, कोणाचं कोणाशी बोलणं बंद. जिथे इमारत पाडून नवी झाली होती तिथे जुनी माणसं त्याला मजल्यांवर चढवून बसवावी लागत, पण तीही चढत. पहिल्या दिवशी सगळी आली. दुसऱ्या दिवशी एका दारापाशी काहीच आलं नाही. निळं दार, वर गणपती, कुंडीत तुळस. सगळं दिसत होतं आणि नावाच्या जागी नुसतं दार होतं. तो फोन बघितल्यासारखं करून उभा राहिला. आतून एक म्हातारा दात घासत बाहेर आला आणि म्हणाला, “काय श्रीधरराव, पेन्शन पुरत नाही का? परत नोकरी धरलीत?” तरीही नाव येईना. तो हसला, पुढे गेला, आणि कोपरा वळल्यावर आलं: सोनबा. सोनबा, बुरूड, मुलगी लोणी काळभोरला दिलेली. एवढं सोपं. त्याला त्या भिंतीला टेकून रडावंसं वाटलं. आणि त्याच वेळी त्याच्या मनात असंही आलं की हे नाव जर कधी आलंच नसतं, तर सोनबाचं काय बिघडलं असतं. त्याच्या नळाला गेली दहा वर्षं करंगळीएवढं पाणी येतं. ते तसंच येत राहिलं असतं.

हा विचार नवा नव्हता, त्याला बसायला जागा दिली नव्हती एवढंच. वैजनाथ दर पावसाळ्याआधी गटाराचा अर्ज द्यायचा. श्रीधरच्याच हातात द्यायचा, पोस्टमन म्हणून. श्रीधर तो प्रामाणिकपणे हिंमतरावांकडे पोचवायचा. मग कुठल्यातरी लग्नात, बारशात दोघांची गाठ पडायची, वैजनाथ तोंड उघडणार इतक्यात हिंमतराव विचारायचे, “यमुनावहिनींचा दमा कसा आहे? ते काढ्याचं पान मिळालं का?” वैजनाथचा चेहरा उजळायचा. घरी परतताना तो श्रीधरला म्हणायचा, “साहेबांच्या लक्षात आहे हो.” गटार जसं होतं तसंच राहिलं. पुढच्या वर्षी अर्ज, पुढच्या वर्षी दमा. यमुनाबाई गेल्यावर वत्सलाबाईंची पाठदुखी. पानाचं कोणी सांगितलं होतं, पाठीचं कोणी सांगितलं होतं? आपणच. मग त्या घरातल्या वासाचा अर्धा वाटा आपल्याकडे येतो की नाही? श्रीधरने हे गणित पुढे नेलं नाही. त्याला आत्ता वेगळीच काळजी होती आणि त्या काळजीची त्याला लाजही वाटत होती. त्याला फक्त गाडी परत यायला हवी होती.

सहाव्या दिवशी तो न बोलावता फडके हौदाजवळच्या संपर्क कार्यालयात गेला. प्रभागातली जागा महिलांसाठी राखीव झाली होती, म्हणून हिंमतरावांची मुलगी तेजस्विनी उभी राहणार होती. ती परदेशात शिकून आलेली, आणि तिने कार्यालयाचा नूर पालटला होता. भिंतीवर मोठा पडदा, चार मुली लॅपटॉपवर. जूनमध्ये तिने त्याच्याकडे एक गोष्ट मागितली होती. “अंकल, तुमच्या डोक्यात जे आहे ना, ते अमेझिंग आहे. एकदा फक्त बसून सगळं डिक्टेट करा. पप्पांच्या कानात एक छोटंसं डिव्हाइस, की झालं.” त्याने टाळलं होतं. तेव्हा त्याच्याकडे हुकमाचं उत्तरही होतं. एक जूनला तिच्या यंत्राने निम्म्या पेठेला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या, कारण जुन्या मास्तरांनी सगळ्या पोरांची जन्मतारीख एक जून लावलेली. आणि त्या शुभेच्छा तीन मेलेल्या माणसांनाही गेल्या होत्या. श्रीधर तेव्हा हिंमतरावांसमोर हलकेच म्हणाला होता, मेलं कोण आणि जिवंत कोण एवढं तरी माणसाला विचारावं. हिंमतराव मोठ्याने हसले होते. आता ते हसणं त्याला आठवलं आणि कानशिलं तापली.

“अंकल, बसा ना,” तेजस्विनी म्हणाली. “पप्पा आत आहेत, दहा मिनिटं.” वैजनाथच्या घराचं तिला माहीत आहे की नाही ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं; ती हिंमतरावांचीच मुलगी होती. “ते डिक्टेशनचं आता करायचं का? नो प्रेशर. पण इलेक्शन जानेवारीत आहे, आणि तुम्हालाही आराम मिळेल.” आराम हा शब्द तिने प्रेमाने उच्चारला. सांगून टाकलं तर आपल्याकडे काय उरतं, आणि नाही सांगितलं तर ते आपल्याआपण गळून जाणारच आहे; श्रीधर या दोन्हींच्या मध्ये खुर्चीच्या कडेवर बसून राहिला. शेजारची मुलगी लॅपटॉपवर याद्या सरकवत होती. त्याची स्वतःची गल्ली आली. इमारत आली. मग त्याचं नाव. वय अडुसष्ट. अनुकूल. घरात मतं दोन. आणि शेवटच्या रकान्यात, लाल अक्षरात: भेट प्रलंबित. त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. भेट प्रलंबितच होती. दहा मिनिटांची पस्तीस झाली तेव्हा तो उठला. कोणी अडवलं नाही.

रविवारी सकाळी नऊ वाजता खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. श्रीधरला तो आवाज झोपेतही कळला असता. कुसुमने खिडकीतून पाहिलं आणि गुडघ्याचं विसरून आत धावली; चांगली चादर कपाटातून ओढून तिने दिवाणावर घातली, केसांवरून हात फिरवला, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. नऊ महिन्यांचा रुसवा तिला इतक्या लवकर सोडायचा नव्हता, ते तिच्या उभं राहण्यावरून दिसत होतं. श्रीधरने दार उघडलं. हिंमतराव एकटेच जिना चढून आले होते. खालून तेजस्विनीचा फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. त्यांच्या कानात काहीही नव्हतं. “काय श्रीधरराव,” ते म्हणाले, आणि बक्कल सोडवायला वाकले.

ते मला काढायला आले आहेत की न्यायला, एवढंच श्रीधरच्या डोक्यात होतं. पहिलं बक्कल सुटलं. भेट प्रलंबित होती म्हणूनही आले असतील. दुसरं बक्कल सुटलं. हिंमतराव उठले नाहीत. त्यांची बोटं सुटलेल्या पट्ट्यावरच राहिली, आणि मान सवयीने जराशी डावीकडे, श्रीधरकडे झुकली. श्रीधर बघत राहिला. त्या कानामागची शीर, पिकलेला केस, हे सगळं त्याच्या इतकं ओळखीचं होतं. ते वाट बघत होते. या घरातलं पोह्यांचं ताट त्यांनी किती वेळा रिकामं केलं होतं. पहिल्या विजयाच्या दिवशी याच उंबऱ्यावर त्यांना ओवाळलं होतं. आणि ओवाळणारीचं नाव त्यांना हवं होतं.

तो वाकला. एकोणतीस वर्षं वाकला तसाच वाकला, स्वतःच्या घरात, स्वतःच्या रिकाम्या पायांपाशी. आणि नाव आलं नाही. स्वयंपाकघराच्या दारातली साडी दिसत होती, कठड्याला धरून उतरणारा हात दिसत होता, चाळीस वर्षांपूर्वी सारसबागेच्या पायऱ्यांवर मोठ्याने हसलेली मुलगी दिसत होती, आणि नावाच्या जागी नुसती ती होती. हे जर गेलं तर सगळं गेलं, त्याला वाटलं. साहेब, गाडी, पेठ राहू दे, हे नको. हिंमतरावांनी बक्कल उगीचच पुन्हा लावलं आणि पुन्हा सोडवलं.

“कुसुम,” श्रीधर म्हणाला. आवाज फुटल्यासारखा आला. “बायको. गुडघ्याचं ऑपरेशन, मार्चमध्ये.”

हिंमतराव ताठ झाले. हात जोडून आत गेले, आणि दिवाणाकडे न बघता सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. “कुसुमवहिनी,” ते म्हणाले, “गुडघा काय म्हणतो? मार्चपासून रोज मनात येतं, वहिनींकडे जायचं, वहिनींकडे जायचं. आणि हा तुमचा नवरा मला दुसऱ्यांच्याच दारात फिरवतो.” कुसुमने रुसायचं म्हणून धरून ठेवलेलं तोंड एका क्षणात सुटलं. ती हसली, डोळे पुसले, आणि बसा ना म्हणाली. तिने पोहे केले. हिंमतरावांनी दोनदा घेतले. लिंबू, खोबरं, सलिलची मांजरी, तिथली लिफ्ट, सगळं निघालं. तुमचं मांजरीला जायचं कानावर आलंय, असं होऊ देणार नाही, असंही ते म्हणाले. श्रीधर समोरच्या खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होता. ते इतके मनापासून बोलत होते की खोटं कुठे सुरू होतं ते बोट ठेवून दाखवता आलं नसतं. बहुधा त्यांनाही आलं नसतं.

निघताना दारात त्यांनी बक्कलं लावली. या वेळी पटकन लावली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून, मागे न बघता त्यांनी विचारलं, “उद्या किती?”

श्रीधरच्या अंगातून इतका सुटकेचा लोट गेला की त्याला त्याची किळस आली. “तीन,” तो म्हणाला. “दोन मयताची, एक साठीशांत.” “आठला गाडी येईल,” हिंमतराव म्हणाले आणि उतरून गेले.

तो आत आला. कुसुम ताटल्या उचलत होती. चादरीवर पडलेली शेव तिने तळहाताने गोळा केली, आणि बऱ्याच वर्षांत नव्हता इतका तिचा चेहरा मोकळा होता. “एवढा मोठा माणूस,” ती म्हणाली, “इतक्या घरांतून माझा गुडघा त्यांच्या लक्षात होता हो. नावानिशी.”

श्रीधरने दार लावून घेतलं. कडी घातली. तिच्याकडे त्याची पाठ होती.

“हो,” तो म्हणाला. “त्यांच्या सगळं लक्षात असतं.”